हातेमच्या ओळी

प्रिय बेय्या खाला,

फोनच करणार होते, पण तू लगेच ‘जेवलीस का, किती वाळलीस’ सुरू करतेस आणि मुद्द्याचं राहून जातं. शिवाय हे बोलताना मला रडू फुटेल. म्हणून लिहितेय.

इकडे स्फाक्समध्ये ऑलिव्हचा हंगाम सुरू झाला. काल हाज मबरूकच्या घाण्यावर पहिलं तेल निघालं. सगळ्यांनी गरम भाकरी बुडवून खाल्ली. हाजनं एक तुकडा तुझ्या हातेमसाठी बाजूला ठेवला.

घाण्यांसाठी हातेमनं ही ब्लॉकचेन लिहायला घेतली, तेव्हा तुला ती काही केल्या कळेना, आठवतं? कुणी किती ऑलिव्ह आणले, किती तेल निघालं, याची नोंद सगळ्या घाण्यांच्या कॉम्प्युटरवर एकदम होणार, एकट्यादुकट्याला खाडाखोड करता येणार नाही. तू म्हणालीस, म्हणजे आपल्या गल्लीतल्या चुगलीसारखं, सगळ्यांना कळलं की नाकारून उपयोग नाही! हातेम हसून हसून लोळला होता. आम्ही तिघांनी, म्हणजे त्यानं, मी आणि वजदीनं, तो प्रोग्राम खुला ठेवला. कुणीही वापरा, सुधारा, पण पुढे देताना असाच खुला द्या. ही अट हातेमची. तिच्यापायी तो वजदीशी कितीतरी दिवस बोलत नव्हता.

आता वजदीची कंपनी नवी आवृत्ती आणतेय. ती चांगली आहे, उगाच खोटं कशाला बोलू? पण तिचा परवाना, म्हणजे वापरायच्या अटी, आपल्यासारख्या खुल्या नाहीत. आत काय चाललंय ते कुणी बघायचं नाही, आणि कंपनीनं नको म्हटलं की तो घाणा बाहेर. तीही ऐन हंगामात सगळ्यांनी एकदम घ्यायची. बैठकीत हाज मबरूक टेबलावर हात आपटून ओरडला, “घाणा माझा, ऑलिव्ह माझे, आणि किल्ली तुझ्या खिशात? वा रे शहाण्या!” वजदी म्हणाला, “हाज, इतकी वर्षं फुकट राबलो. माझ्या पोरांनी काय खायचं?” तेही खोटं नाही, खाला. म्हणून मला त्याचा धड रागही धरता येत नाही.

परवाना बदलायला प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती लागते. मी नाही म्हटलं, तर त्यानं माझा भाग काढून दुसऱ्याकडून लिहून घेतला. माझं काम तेवढंच होतं. हातेमचा भाग मात्र गाभ्याचा आहे, तो असा सहज निघत नाही. आणि तो गेल्यावर त्याचा हक्क आई म्हणून तुझ्याकडे आलाय.

गुरुवारी वजदी महदियाला तुझ्याकडे येईल. तुझ्या आवडीची मकरूदची मिठाई आणेल, रडेल, आणि ते रडणं खरं असेल. म्हणेल, सही केलीस तर हातेमचं काम आणि नाव नव्यात राहील, नाहीतर त्याची एकेक ओळ काढावी लागेल. तेही खरंच आहे. पण त्यात वजदीचा हा हंगाम जाईल. तेवढ्यात मी घाणेवाल्यांना आपला खुला प्रोग्राम सांभाळायला शिकवेन. हातेमचं नाव मग तिथेच उरेल, तेही आम्ही टिकलो तर. लेकाला एकदा मातीत ठेवलंस तू. आता त्याच्या ओळीही पुसल्या जाऊ देत, असं मी तुझ्याकडे मागतेय. मागताना जीव तुटतोय गं. पण सही करू नकोस.

तुझ्या घरी सून म्हणून यायची राहिलेली, तरी तुझीच,
सिरीन