आतल्या खोलीचा हक्क

मी, श्रीमती रत्नप्रभा जयवंत भिंगारदिवे, वय अडुसष्ट, धर्म ख्रिस्ती, निवृत्त शिक्षिका, राहणार घाटकोपर पूर्व, देवाच्या दयेने पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकेल असे एकच माणूस या घरात आहे आणि ते माझ्याशी बोलत नाही.

१. आमच्या मंडळीतली भांडलेली कुटुंबे पाळकसाहेब सल्ल्यासाठी माझ्याकडे पाठवतात. त्यांना ज्या लाकडी बाकावर बसवते, तो चर्चला द्यावा. बाक अरुंद आहे. त्यावर एकमेकांना न टेकता बसताच येत नाही. निम्मे काम तो करतो, उरलेले पवित्र शास्त्र. श्रेय मी घेत आले.

२. शिवणयंत्र सून अनुपमा हिला. ती शिवत नाही, पण विकताना तरी आठवण काढील.

३. हे घर माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ते विकून आत्याला ‘एखाद्या चांगल्या आश्रमात’ ठेवावे, असे दहिसरला राहणारा माझा मुलगा चंद्रप्रकाश म्हणतो. आत्या म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, कुमारी वनमाला. त्यांना दुसरे घर नाही. चंदू, तुझ्या गोवरात मला शाळेतून रजा मिळाली नाही, तेव्हा उशाशी कोण बसले होते? वन्सं हयात असेतो आतल्या खोलीत राहतील आणि तोवर घर विकता येणार नाही. नंतर ते तुझे.

यावरून आमचे सख्य आहे असा समज कोणी करून घेऊ नये. चार वर्षांपूर्वी शुभा नावाची नवी सून आणि तिची सासू बाकावर बसल्या होत्या. घरातल्या थोरांचे मुकाट्याने सोसावे, सूर्य मावळायच्या आत राग सोडावा, असे मी शुभाला सांगत होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वन्सं हसल्या. खुदकन नव्हे, पोटभर. ते ऐकून शुभा हसली, सासूही हसली, आणि दोघी हसतच घरी गेल्या. त्यांचे भांडण तिथेच मिटले. हे मला अजून सोसलेले नाही.

तेव्हापासून सूर्य पुष्कळदा मावळला. आमचे बोलणे वचनांतून चालते. वन्सं जेवणाच्या टेबलावर पवित्र शास्त्र उघडे ठेवतात, भांडकुदळ बाईच्या ओळीवर चष्म्याचे घर टेकवून. मी पाने उलटून ते ‘जीभ ही आग आहे’ या ओळीवर ठेवते. वाचन मात्र दोघींचे दांडगे झाले.

४. माझ्या मातीला भाषणे नकोत. मी किती संसार सांधले हे सांगायला कोणी उभे राहिलेच, तर वन्संना पुढच्या रांगेत बसवू नये.

५. वर समासात ‘वनमा’ एवढे लिहून खोडलेले दिसते, त्याचा खुलासा. आज पाळकसाहेबांना घाई होती आणि शेजारच्या कुंदाबाई बाजारात गेलेल्या. माझी सही होण्याआधीच साहेबांनी आत हाक मारली, "मावशी, साक्षीदार म्हणून एक सही टाका ना." वन्संनी कागद न वाचताच सही करायला घेतली. वाचला असता तर मला काही विचारावे लागले असते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, दिलेला हक्कही बाद होतो, हे वकिलांनी मला बजावले होते.

मी म्हटले, "वन्सं, थांबा."

मग का थांबा, हे सांगणे आले. तिसरे कलम वाचून दाखवले, हसण्याचा भाग गाळून.

"मधलं काय गाळलंस ते वाच," वन्सं म्हणाल्या.

वाचले. या खेपेला त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावले. मग म्हणाल्या, "रत्ना, वयानं मी थोरली गं. मी आधी गेले तर तुझं काय?"

याचे कलम मी लिहिलेले नाही. मला ते लिहिता येत नाही.

वरील खाडाखोड माझी आहे व मला मान्य आहे.

घाटकोपर, ता. ९ ऑगस्ट १९८६

(सही) रत्नप्रभा ज. भिंगारदिवे

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. रेव्ह. धोंडिराम साळवे, पाळक
२. सौ. कुंदा लवू परब, शेजारी (बाजारातून परत आल्यावर)