बर्फाच्या बुटाले इळ्याची धार

३ नोव्हें., रवि.
करडीहून परत. कापणी जोरात. अर्ध्या रस्त्यावर लोकांनी धान वाळत घातलंय, मोटरसायकलवाले शिव्या देत जातात. घरी पोचलो तर कॉलेजच्या खेळाच्या मॅडम ओसरीवर बसलेल्या. विद्यापीठ आपल्या जुन्या संघांचं पुस्तक काढून राहिलं. त्यात मुलींच्या बर्फावरच्या हॉकीलाही चार पानं. भंडाऱ्यात बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, पण विद्यापीठाची ती टीम सगळी इथलीच. सातही पोरी आमच्या राइस मिलच्या पटांगणात तयार झालेल्या. शिकवणारे बोरकर सर वारले. मग विचारायचं कोणाला? मिलच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला. मॅडम म्हणाल्या, टीम कशी उभी झाली अन् कशी मोडली, एवढंच लिहून द्या, बाबा.
कशी उभी झाली ते लिहीन. दुसरं... चहा घ्या म्हणालो.

५ नोव्हें., मंगळ
कच्चं लिहून ठेवतो. गोंदिया वेगळा होऊन जिल्हा फुटला, त्याच्या काही वर्षांनंतरची गोष्ट. मिलमध्ये उसना तांदूळ व्हायचा. उकडलेलं धान वाळवायला सिमेंटचं मोठं पटांगण, धानाच्या घासणीनं आरशासारखं गुळगुळीत. बो. सरांना चाकाचे बूट घालून हॉकी शिकवायला जागा मिळेना. शेठ म्हणाले, धान पसरायच्या आत सकाळी काय करायचं ते करा. दोघी पोरी वरठीहून सायकलनं यायच्या. कप्तान सुकेशनी, आमच्याच वस्तीतली, बाप मिलमध्ये हमाल. हॉकीच्या काठ्या मी केल्या, सागाच्या. बाभळीच्या ओंडक्याच्या चकत्या कापून दिल्या, त्या मारायला. धान फिरवणाऱ्या बाया येऊन बघत बसायच्या. द्रौपदाबाई म्हणे, "ह्या पोरींच्या पायाले फावडे बांधा सर, आमचं बी काम होऊन जाईल."
इथपर्यंत हात भराभर चालला. मग थांबला.

९ नोव्हें., शनि.
नावं-गावं तपासायला मॅडमनी बाकीच्यांची पानं माझ्याकडे पाठवली. सु.चं (सुकेशनीचं) पान वाचलं. ती आता दिघोरीच्या शाळेत शिकवते. उतरवून घेतो:
"बर्फ कधी न पाहिलेल्या मुलींना मी हट्टाने लेहला नेले. सर थांबू म्हणत होते. माझा गुडघा गेला ते सोडा, पण माझ्या हट्टापायी टीम मोडली. कप्तान म्हणून ही चूक माझी."
त्याखाली: "मिस्त्रीबाबांनी जीव लावून पात्यांना धार करून दिली होती. त्यांच्या मेहनतीचं आम्ही चीज केलं नाही."
चष्मा काढून ठेवला.

१० नोव्हें., रवि.
जे आजवर कुठं लिहिलं नाही ते.
लेहच्या सामन्यांना जायच्या आठ दिवस आधी बर्फाचे बूट आले. विद्यापीठानं कुठून तरी जुने मागवलेले, पोत्यात भरून. पाती गंजलेली, बोथट. सर म्हणाले, मिस्त्री, तुमच्यासारखी धार कोणाची नाही. ते खरंच होतं. कापणीच्या दिवसांत चार गावचे इळे माझ्याकडे पाजवायला यायचे. बर्फाच्या पात्याची धार कशी असते ते सरांना माहीत नव्हतं. मला तर नव्हतंच, अन् मी विचारलंही नाही. दोन दिवस सहाणेवर बसलो. दोन्ही अंगांनी घासत घासत मधोमध एकच टोक आणलं, इळ्याला आणतो तसं. धानाची काडी टेकवली की दोन तुकडे. सु.ला करून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, बर्फाले रडवतो आता आम्ही."
लेहहून आल्यावर सरांनी मला मिलच्या मागं नेलं. तिकडच्या एका माणसानं सामना झाल्यावर बूट उलटा करून पाहिला होता. म्हणाला, पात्याला मधून उभी नाली पाहिजे, दोन्ही काठांना धार पाहिजे. पोर त्या दोन काठांवर उभी राहते. माझ्या धारेवर उभं राहणं म्हणजे सुरीवर उभं राहणं. गोठलेल्या तळ्यावर पोरी कोणी ढकलल्यासारख्या पडत गेल्या. सु.चा गुडघा पहिल्याच घडीला फिरला.
सर म्हणाले, "तुम्ही चांगल्या मनानं केलं, मिस्त्री. आपल्या दोघांतच राहू द्या."
राहू दिलं. गावानं 'बर्फावर लोळाले गेल्या होत्या' म्हणून पोरींना चिडवलं, तेव्हाही राहू दिलं. पुढच्या साली सर घरोघर फिरले, एक बाप पोरगी द्यायला तयार नाही. तेव्हा तरी मी तोंड...

१२ नोव्हें., मंगळ
घरच्या बाईला सांगितलं. इतक्या वर्षांत तिलाही नव्हतं सांगितलं. ती म्हणे, झाकली मूठ हाय, झाकलीच ठेवा, सर बी गेले, आता कायले उकरता? भाकर वाढता वाढता आपणच म्हणाली, "पण ते पोरगी लंगडते ना जी अजून."

१४ नोव्हें., गुरु.
दिघोरीला जाऊन आलो, लाखांदूरच्या गाडीनं. शाळा सुटायची होती. सु. भिंतीला हात लावत पायऱ्या उतरली. मला पाहून इतकी खुश झाली की माझं निम्मं बळ तिथंच गेलं. घरी नेलं, पोहे केले. पान वाचलं का, बरोबर लिहिलं का, विचारलं. मी म्हणालो, अक्षर चांगलं आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस, अन् हे बोललो.
मग सांगत होती, शाळेतल्या मोठ्या पोरी चाकाच्या बुटांसाठी मागं लागल्या आहेत. हेडमास्तरही तयार आहेत.
"मग शिकव ना," मी म्हणालो.
"नाही बाबा. एकदा पोरी पाडल्या म्या. पुरे झालं."
तेव्हा सांगायचं होतं. तोंडात पोहे होते, हे काही कारण नाही.
वरातीमागून घोडं नेलं, तेही मांडवातून परत आणलं.

१७ नोव्हें., रवि.
पाच कागद फाडले. सहावा ठेवला. त्यात बो. सरांचं नाव घातलं नाही, गेलेल्या माणसावर कायले ओझं. शेवट असा केला: "टीम पोरींनी मोडली नाही. सुकेशनीनं तर नाहीच. धार माझी होती, अन् नंतरचं चूप बसणंही माझंच."
विद्यापीठाचे बाकी बूट परत गेले होते. सु.चा जोड मात्र सर माझ्याकडं ठेवून गेले, का ते बोलले नाहीत. माळ्यावरून पोतं काढलं. उजवा बूट अन् कागद एका पिशवीत बांधून लाखांदूरच्या गाडीत ओळखीच्या कंडक्टरकडं दिला. आधी तिनं वाचावं, मग मॅडमनी. मॅडमना फोन करून म्हणालो, सु.चं पान छापायला देऊ नका. त्या म्हणाल्या, पुढच्या रविवारपर्यंत थांबते, त्यापुढं छापखाना थांबणार नाही.

२० नोव्हें., बुध.
कंडक्टर भेटला. म्हणे, बाईंच्या हातातच दिली पिशवी. तिथंच उघडली का? ते त्यानं पाहिलं नाही.
फोन नाही.

२२ नोव्हें., शुक्र.
दुपारी सु.चा फोन आला. मागं शाळेतल्या पोरांचा गलका. मीच म्हणालो, बाई, बोल, शिव्या दे.
"सरांले मालूम होतं?"
होतं, म्हणालो. खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती.
"अन् मी गुडघ्याले पट्टी बांधून तुमच्या ओसरीवर बसत होती. रोज. तेव्हा बी तुमाले मालूम होतं."
होतं.
मग म्हणाली, "दुसरा बूट कुठी आहे?"
माझ्याकडं आहे, म्हणालो.
"रविवारी येऊन राहिली मी." ठेवून दिला.

२४ नोव्हें., रवि.
ही सकाळपासून विचारते, भाजी काय करू? रागानं आली तर जेवंल का ते पोरगी? मला काय माहीत. वांगं कर म्हणालो, तिला आवडायचं.
मॅडमचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. सु. येऊन जे म्हणेल ते सांगीन. तिचं पान जाऊ दे म्हणाली तर? माझं फाडून टाका म्हणाली तर? तिनं बूट कशाला मागितला असेल, तेही कळत नाही. तोंडावर फेकायला, की शाळेतल्या पोरींना दाखवायला.
डावा बूट ओसरीवर आणून ठेवला. चामडं पुसलं, तेल लावलं, नवी दोरी ओवली. अंगठा आपोआप पात्याकडं गेला, जुनी खोड. मागं घेतला. पात्याला हात लावला नाही. मी करून ठेवलं तसंच आहे ते, गंजासकट. तसंच दिसू दे तिला.