टेकडीच्या चावीचे नऊ फेरे

३ मार्च, सोमवार
पाणीखात्याची खोली, दुपारी

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार.

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटंसुलटं करशील, कुणी गेलं की काय म्हणून. कुणी गेलेलं नाही. सगळे ठणठणीत आहोत. तुझ्या भावजयीची पाठ दुखते, पण ती काही बातमी नव्हे. भाचीला आणि जावईबापूंना आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? हे विचारायचा हक्क मला कितपत उरला आहे ठाऊक नाही, तरी विचारतो.

ताई, टेकडीवर पाणी आलं. एकशे बारा पायऱ्या चढून तुझ्या घरासमोरचा जो शेवटचा नळ आहे ना, त्याला गेले सतरा दिवस रोज सकाळी चाळीस मिनिटं पाणी येतंय. धार अशी की बादली हातातून सुटेल. तुझी शेजारीण फौजदारीण, जिचं हे नाव तिच्या आवाजामुळे तूच ठेवलंस, पहिल्या दिवशी नळ सोडून नुसती बघत उभी राहिली. बादली लावायचं भानच नाही. मग स्वतःच्याच अंगावर ओरडली, "अगं बंद कर, वाया चाललंय!" मी तिथेच होतो. इतकं हसलो की डोळे पुसायला लागले.

हे सगळं घडलं ते आमच्या नव्या बाईंमुळे. महिन्यापूर्वी त्या पाणीखात्याच्या मुख्य म्हणून आल्या. देशाची काय तऱ्हा आहे ती तुला तिथेही दिसतच असेल. वीज आली तर आली, डिझेल मिळालं तर मिळालं. पूर्वी आठ तास चालणारा पंप आता धड तीन तास चालत नाही. अशा दिवसांत जो साहेब येतो तो बदलीचा अर्ज खिशात घालूनच येतो. या बाईंनी मात्र पहिल्याच आठवड्यात पंपापासून टेकडीपर्यंत पाइपाच्या कडेकडेने पायपीट केली. मागे मी, पाणी सोडायची ती लोखंडी चावी खांद्यावर घेऊन. बाई पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या. धाप लागली, पण थांबल्या नाहीत. शेवटच्या नळापाशी बसल्या आणि नळ सोडला. नुसती हवा फुसफुसली.

"समोरचं घर कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"कुलूप आहे बाई. कुणी राहत नाही," मी म्हणालो. कुणाचं ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांपुढे मी कधी बसलेलो नव्हतो. मनात म्हटलं, चहा पाजताहेत म्हणजे आज आपली गच्छंती. त्यांनी एक फाइल पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "जरा वाचून दाखवता? माझा चष्मा घरी राहिलाय." चष्मा त्यांच्या डोक्यावर होता.

फाइलीत तुझे अर्ज होते, ताई. सात. पहिला आठ वर्षांपूर्वीचा, शेवटचा तू पडलीस त्याच्या आदल्या आठवड्यातला. मला पाटीवर गिरवायला ज्या अक्षराने शिकवलं ते अक्षर मी ओळखणार नाही का? 'टेकडीवरील महिलांना पायथ्याच्या विहिरीवरून पाणी वाहावे लागते. मुलींच्या शाळा सुटल्या आहेत.' आणि प्रत्येक अर्जाच्या शेवटी एकच वाक्य: 'यात चावीवाल्याचा दोष नाही. ते आपले काम चोख करतात.' पहिले तीन मी कसेबसे वाचले. चौथा त्या वाक्यापाशी मिटून ठेवला. बाईंनी पाणी पुढे केलं.

इतका वेळ मी नुसता भोवतीभोवती फिरतोय. आता लिहितो.

खड्ड्यात उतरून टेकडीची चावी पूर्ण उघडायला सव्वीस फेरे लागतात. मी नऊ द्यायचो. आणि दहा मिनिटांत बंद करायचो. नऊ फेऱ्यांचं पाणी चढ अर्धाही चढत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पंपाचे तास कमी झाले तेव्हा जुने साहेब म्हणाले होते, "जो आरडाओरडा करेल त्याला आधी दे, बाकीचं तू बघून घे." लेखी काही नाही. बाजार ओरडायचा, बंगल्यांतून फोन यायचे. टेकडीवरून फक्त अर्ज यायचे. मग मी बघून घेतलं.

आणि अजून एक. आमची गल्ली खालच्या चावीवर आहे. तिला मी कधीच कमी केलं नाही. तू पाण्याचा डबा घेऊन एकोणसत्तराव्या पायरीवरून पडलीस, त्या सकाळी माझ्या अंगणातली टाकी भरून गटारात वाहत होती. मी संत्री घेऊन दवाखान्यात आलो. तू विचारलंस, "वर पाणी कधी येणार रे?" मी म्हणालो, "ताई, दाबच नाही." तू भिंतीकडे तोंड केलंस. तिथून तू भाचीकडे गेलीस ती गेलीसच. मी लोकांना सांगत राहिलो, ताईला पोरीची ओढ फार.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. ते अर्ज माझ्या सख्ख्या बहिणीचे आहेत, हेही सांगितलं. म्हणालो, "कामावरून काढा मला."

त्या म्हणाल्या, "काढते की. मग नवा चावीवाला येईल आणि महिनाभरात नऊ फेरे शिकेल." मग कप बाजूला सारला. "पाणी कमी आहे. ते कुणाला किती द्यायचं, हे पहाटे पाच वाजता एकट्या माणसाने खड्ड्यात उतरून ठरवायचं? हे आम्ही तुमच्या गळ्यात मारलं. चूक तुमची आहेच, पण खुर्चीचीही आहे, आणि आता खुर्चीत मी आहे." ताई, तीस वर्षांत साहेबाच्या तोंडून 'चूक आमची' ऐकलं नव्हतं. मी लहान पोरासारखा रडलो. त्यांनी दार लोटून घेतलं, बाहेरच्यांना दिसू नये म्हणून. त्या लोटलेल्या दारासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन.

एक अट मात्र त्यांनी घातली: टेकडीवर जाऊन हे मी स्वतः सांगायचं. त्या बरोबर येणार, पण बोलणार नाहीत.

पायऱ्यांवर बायका जमल्या. सगळं सांगितलं, नऊ फेऱ्यांसकट. एका बाईने रिकामा हंडा माझ्यापुढे आपटला आणि ती निघून गेली. ती अजून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. मग फौजदारीण म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही त्या चढाला शिव्या घालत होतो. चढ बिचारा उगाच खात होता." कुणीतरी हसलं. ती मात्र हसली नाही. माझ्यासमोर येऊन म्हणाली, "उद्या किती वाजता उघडतोस? मी येते बघायला."

तिच्या त्या बोलण्यातूनच बाईंना युक्ती सुचली. आता चावी फिरवताना मी फेरे मोठ्याने मोजतो. प्रत्येक वस्तीचं एक माणूस खड्ड्यापाशी उभं असतं, तेही मोजतं. मग फळ्यावर खडूने लिहायचं: कुठे किती फेरे, किती मिनिटं. बस्स, एवढंच. पाणी वाढलेलं नाही, ताई, एक थेंबही नाही. फक्त सगळ्यांसमोर वाटलं जातं. किराणा दुकानदाराने पहिल्या आठवड्यात खूप आदळआपट केली, मोर्चा आणतो म्हणाला. बाईंनी त्याला फळ्यापाशी नेलं. फळ्यावर त्यांच्या स्वतःच्या बंगल्याचेही फेरे लिहिलेले होते, आणि बाईंकडे कपडे एक दिवसाआड धुतात हे धोब्याने परस्पर सांगितलं. दुकानदार गुरगुरत गेला. परवा तो स्वतःच मोजायला आला आणि एकोणिसाव्या फेऱ्याला मोजणी चुकला. टेकडीच्या बायकांनी त्याची काय उडवली म्हणून सांगू!

माझ्या अंगणातली टाकी आता अर्धीच भरते. तुझी भावजय पहिल्या दिवशी फणकारली. मी तिला तुझे अर्ज आठवतील तसे म्हणून दाखवले. ती दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर टेकडी चढली, रिकामा हंडा घेऊन, किती पायऱ्या ते बघायला.

मला रोज सकाळी वाटतं, एवढं सगळं करून मला हे दिवस कसे मिळाले? पाच वाजता खड्ड्यापाशी कुणीतरी माझी वाट बघत असतं. पूर्वी मी कुणी बघू नये म्हणून लवकर जायचो.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. टेकडीवर फेरे मोजायला यायची घरागणिक पाळी लावली आहे. तुझ्या घराला कुलूप आहे, तरी बायकांनी तुझं घर यादीतून काढू दिलं नाही. तुझी पाळी एकवीस तारखेला येते. मी म्हणालो, तिच्यातर्फे मी मोजतो. फौजदारीण म्हणाली, "तू? तुझ्यावर नजर ठेवायलाच तर ती पाळी आहे."

येशील का? माफी मागायला शब्द जुळवून पाहिले, सगळे तोकडे पडले. एकच विचारतो, कारण ते मला झोपू देत नाही. 'चावीवाल्याचा दोष नाही' ही ओळ तू खरी मानून लिहीत होतीस का, ताई? तसं मानत असशील म्हणूनच सात वेळा लिहिलंस, आणि मी त्या विश्वासाच्या लायकीचा नव्हतो, हेच मला सगळ्यात जास्त बोचतं.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
तुझाच
धाकटा


११ मार्च

धाकट्या,

पत्र मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत. गुडघा आहे तसा आहे, पावलापावलाला तुझी आठवण काढतो.

तुला वाटतं मी भोळी होते. दुसरा अर्ज देऊन महिना झाला तरी काही हलेना, तेव्हा एका पहाटे मी खाली आले आणि पंपाच्या भिंतीआड उभी राहिले. तुला मोजताना पुटपुटायची सवय लहानपणापासूनची. नऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. पुन्हा नऊ.

त्यानंतरचे पाच अर्ज मी साहेबाला लिहिलेच नव्हते. वाटायचं, कधीतरी कुणी ते तुझ्या हातात देईल, तू ती ओळ वाचशील आणि तुला लाज वाटेल. तुझी नोकरी घालवायची नव्हती मला. तू हवा होतास. दवाखान्यात तुला शेवटची संधी दिली होती, तीही तू घालवलीस, म्हणून तोंड फिरवलं. राग अजून पुरता गेलेला नाही. खोटं कशाला सांगू?

पण पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा तुझ्या भाचीला मोठ्याने वाचून दाखवलं. तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांग. माझा अर्ज त्यांनी बरोबर पत्त्यावर पोचवला. भावजयीला सांग, हंडा डोक्यावर घेताना पाठ सरळ ठेव, दुखायची थांबेल.

एकवीसला सकाळी येते. पायऱ्या आता मला चढवत नाहीत, तेव्हा खड्ड्यापाशी एक खुर्ची मांडून ठेव. आणि पुटपुटू नकोस. मोठ्याने मोज, सव्वीसपर्यंत, मला हल्ली कमी ऐकू येतं.

तुझी मोजणी ऐकायला येणारी,
ताई