हातात पुस्तक असेल

घड्याळजी,

तुमच्या 'जोडीदार हवी' या जाहिरातीला उत्तर देताना ओळख म्हणून मी कळवलं होतं, शिवणकाम करते, एकटी आहे, चौकशा फार करते, घरभर पुस्तकं आहेत. तुमचं उत्तर आलं, "मी घड्याळं दुरुस्त करतो, बाकी मीही तसाच. चहाच्या दुकानात या. हातात पुस्तक असेल."

मी कधीची बसलेय. दारातूनच मला पाहून परत फिरलात की काय, या धास्तीने दाराकडेच बघत राहिलेय. भाची म्हणालीच होती, "मावशी, साठीत कसली ही थेरं?" म्हणून हा शेवटचा रामराम लिहितेय. पुन्हा कधी...

थांबा. दुकानाच्या मालकीणबाई माझ्या मागच्या टेबलाशी ओरडल्या, "काका, दुसराही चहा गार केलात! ठेवा ते पुस्तक!"

"त्या आल्या की ठेवतो," मान वर न करता तुम्ही म्हणालात.

पत्र पर्समध्ये कोंबते, खुर्ची तुमच्याकडे ओढते. तेवढं पान पुरं करा.

तुमच्याच पाठीमागची,
शिवणवाली