विहिरीचं शनिवारचं पाणी

अथेन्स, ४ जुलै १९९६

ती. स्व. स्टामाटिसमामा यांस,
सा. न. वि. वि.

बेटावरच्या तुमच्या अंगणातल्या विहिरीवर टांगलेलं माझं यंत्र गुणी निघालं. त्याच्या रेडिओलहरी खाली जातात, पाण्याला शिवून परत येतात, आणि पाणी कुठवर आहे ते मला इथे बसून कळतं. दर शनिवारी संध्याकाळी ते वीतभर चढतं, रविवारी दुपारी उतरतं. भर उन्हाळ्यात!

नगराध्यक्ष म्हणतात, आत नुसतं साठलेलं पावसाचं पाणी आहे, बुजवा आणि गाड्या उभ्या करा. आमचे लेकाकिस सर म्हणतात, डोंगरातलं प्राचीन भुयार अजून पाणी आणत असणार. तसं ठरलं तर विहीर वाचेल आणि माझी डॉक्टरेटही पक्की. सर तेरा तारखेला, शनिवारी, नगराध्यक्षांना घेऊन बघायला येताहेत. मी इथे आकड्यांवर डोळा ठेवणार. तोवर विहिरीला कोणी हात लावू नये. झांबेतामामींना नमस्कार.

तुमची भाची,
कल्लिरोई

आनो क्रिनी, ८ जुलै

चि. कल्लिरोई हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मामी आधी हसली, मग जीभ चावून छातीवर क्रूस करत बसली. अगं शहाणे, शनिवारी संध्याकाळी मी विहिरीत कलिंगडं सोडतो! रविवारी चर्चमधून आलं की अख्खी गल्ली गार फोडी खाते. यंत्र टांगताना हात लावू नका म्हणालीस, कलिंगडांचं कुठे बोललीस?

पण घाबरू नकोस. सर येतील तेव्हा दुप्पट सोडतो, वर शेवाळ पसरतो. वीतभर काय, हातभर चढवून दाखवतो! गल्लीतले सगळे टोमॅटो या पाण्यावर जगतात. विहीर बुजवू देण्यापेक्षा मी आत गाढव सोडेन. नगराध्यक्ष माझा साडूच, त्याला टोपी घालायची मला जुनी सवय आहे.

तुझा,
स्टामाटिसमामा

अथेन्स, १० जुलै

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

मामा, काही सोडू नका! माझ्या लहरी कलिंगडांच्या पाठीवरून परत येत होत्या, आणि मी त्याला भुयार समजून नाचत होते. काल खूप रडले. सरांना सांगायला धावले, तर ते आधीच वाटेतली बेटं हिंडत तुमच्याकडे यायला निघून गेलेले.

मला विहीर हवी आहे, पदवीही हवी आहे, पण अशी नको. त्यांना सगळं खरं सांगा. विहीर गेली तर मला माफ करा. मामी तर माझं तोंडही बघणार नाहीत.

तुमची,
कल्लिरोई

आनो क्रिनी, १५ जुलै

चि. कल्लिरोईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र सरांच्याच बोटीने आलं. तोवर कलिंगडं पाण्यात! सरांनी वाकून बॅटरी मारली, शेवाळ सरकलं आणि एक हिरवी पाठ दिसली. साडू असा खिदळला की विचारू नकोस. मी मान खाली घातली, पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं म्हणालो आणि तुझं पत्र सरांच्या हातात ठेवलं. वाचून ते म्हणाले, सगळी फळं बाहेर काढा.

नेहमीप्रमाणे गल्ली पाणी न्यायला आली. सर कठड्यावर बसून बघत राहिले. बादल्यांवर बादल्या निघत होत्या. शेवटचा पाऊस कधी झाला, त्यांनी विचारलं. ईस्टरच्या आधी, तीन महिने झाले, मी सांगितलं. रविवारी सकाळी बघतो तर पाणी होतं तिथेच! तेव्हा ते कपाळावर हात मारून ओरडले की आकडे समोर असताना आपण चढतंय कसं एवढंच बघत बसलो, आटत का नाही हे कुणी विचारलंच नाही. भुयार जिवंत आहे, पोरी! साडूने बुजवायचा हुकूम घडी करून खिशात घातला.

सर म्हणाले, प्रबंध नव्याने लिही आणि पहिल्याच प्रकरणात कलिंगडं घाल. पुरावा म्हणून तीन बरोबर नेणार होते, बोट येईपर्यंत सालं उरली.

विहीर वाचवायला मी खोटं करायला निघालो, आणि तू खऱ्यासाठी विहिरीवर पाणी सोडायला तयार झालीस. लाज वाटली गं, आणि छातीही फुगली. मामी तुझं तोंड बघायला कधीची दारात उभी आहे. लवकर ये.

कळावे. लोभ आटू देऊ नये.

तुझा,
स्टामाटिसमामा