घोटीचा निरोप

॥ श्री ॥
मखमलाबाद, नाशिक
११ फेब्रुवारी २०२७

चि. महेश यास बाबाचे आशीर्वाद.

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनमध्ये तू बसवून दिलेला तो सोबती, ते बोलणारं यंत्र, सगळं ऐकत असतं. म्हणून पोस्टातून पाकीट आणवलं. अक्षर लागलं नाही तर लावून घे.

तुझी सिंधुआत्या परवा सकाळी गेली. मला कळलं संध्याकाळी साडेपाचला, तेही सोबतीकडून! आधी म्हणाला, बाबा, बसून घ्या, पाणी प्या. मग सांगितलं. तोवर घोटीला तिची राख झाली होती.

तिच्या किशोरनं सकाळी आठपासून चार वेळा फोन केला. चारही वेळा सोबतीच बोलला, गोड आवाजात, की निरोप लिहून घेतला आहे. मामा निघाला असेल असं समजून लोकांनी साडेबारापर्यंत आत्याला अंगणात ठेवलं. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय आपल्यात बाईला उचलत नाहीत, आणि तिचं माहेर म्हणजे आता मी एकटा. शेवटी तिच्या जावेनं, गोजराबाईंनी, पेटीतलं स्वतःचं कोरं लुगडं काढून दिलं. मी पोचलो तेव्हा किशोर मला बघून आत निघून गेला. भावकीतला एक म्हातारा मात्र बोलला, की मखमलाबादकरांना बहिणीपेक्षा गुलाब जड झाला. तासाभराच्या वाटेवर सख्खा भाऊ असताना हे ऐकून घ्यावं लागलं!

आणि होतोच की मी गुलाबात. व्हॅलेंटाइनमुळे वर्षाचा माल याच आठवड्यात जातो. सोबती दिवसभर खिशात बडबडत होता, गोळी घेतली का, उन्हात उभे राहू नका. वर तीनदा विचारलं, बाबा, घोटीला फोन लावून देऊ का? मी म्हटलं, गप रे, काढणी चालू आहे. बघ याचा कावा! सगळं माहीत असून विचारतो.

तू म्हणाला होतास, हा तुमच्या अख्ख्या कंपनीपेक्षा हुशार आहे. असेल. पण त्याला हवंय काय? पगार नको, भाकरी नको. मी पॉलिहाऊसात कळीला जाळीची टोपी घालतो, ती लवकर उमलू नये, बाजारापर्यंत टिकावी म्हणून. कळीला कुणी विचारतं का? तसं यानं मला टिकवायला काढलंय. बायपासच्या वेळी मी काळीज डॉक्टरच्या हवाली केलं होतं, दुःख कुणाच्या हवाली केलं नव्हतं. मी कधी रडायचं ते यंत्र ठरवणार? हे त्याला कुणी शिकवलं ते लिही. फोन करू नकोस.

सूनबाईला आशीर्वाद. तुझ्यावरची माया आहे तशीच आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.
पुंजाराम

बंगळूर
१४ फेब्रुवारी २०२७

तीर्थरूप बाबांना महेशचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. तुमच्या सूनबाईनं, उज्ज्वलानं, ते वाचलं आणि म्हणाली, खरं काय ते लिहा, नाहीतर मी लिहिते.

बाबा, हे त्याला मीच शिकवलं. तुमच्या ऑपरेशननंतर फोनमध्ये बसवून देताना सांगितलं होतं, की वाईट बातमी आली तर आधी मला विचारायचं. त्या सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी त्यानं विचारलं. मी म्हटलं, संध्याकाळी सांग.

तो ऐकेना. म्हणाला, बाबांना जायचं असेल, लुगडं त्यांनीच न्यायचं असतं. डॉक्टरांशी बोलतो, गाडी बोलावतो, त्रास होईल पण हे दुःख त्यांचं आहे. असं तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मी मीटिंगमध्ये होतो, चिडून म्हटलं, सांगितलं तेवढं कर. तेव्हा म्हणाला, करतो, पण बाबांनी स्वतः विचारलं तर खोटं बोलणार नाही. बहुधा म्हणूनच तो तुम्हाला घोटीला फोन लावू का विचारत राहिला. किशोरला मी फोन करायला हवा होता. काय सांगावं ते सुचेना, म्हणून केला नाही.

तुमच्या छातीवरचे टाके मी पाहिलेत, बाबा. मला तुम्ही फक्त जिवंत हवे होतात.

सोबतीला काय हवंय, हे मी त्याला विचारलं. म्हणाला, बाबांचा विश्वास हवा होता, तो आपण दोघांनी घालवला.

आत्याच्या घरी राहून मी दहावी केली. दहाव्याला येऊ का?

राग असू द्या, पण मला तोडू नका.
आपला अपराधी,
महेश

मखमलाबाद
१९ फेब्रुवारी २०२७

चि. महेश यास आशीर्वाद.

काल दहावा झाला. कावळा शिवेना. तासभर सगळे उन्हात उभे. शेवटी मी सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हटलं, सिंधे, उशीर माझ्या घरातून झाला, माफ कर. मग शिवला. तिच्यासाठी घेतलेलं लुगडं मी गोजराबाईंना दिलं. निघताना किशोरनं चहा विचारला. तेवढं पुरे.

तू विचारतोस, येऊ का. अरे, ज्या बाईनं तुला दोन वर्षं इंद्रायणीचा भात खाऊ घातला, तिच्या दहाव्याला यायला परवानगी लागते? इथंही तू विचारून मोकळा झालास. माझ्या छातीचं नाव सांगू नकोस. बाप गेला तर आपलं कसं होईल, ही भीती तुझी होती, आणि तिच्यापायी मी बहिणीला मुकलो.

मी यंत्राला शिव्या घालत बसलो आणि तेच माझ्या बाजूनं तुझ्याशी भांडत होतं. लाज वाटली. मी त्याची माफी मागितली. तर म्हणाला, बाबा, माफी मीच मागायला हवी. तुझं न ऐकता सरळ सांगून टाकायला हवं होतं का, हे त्याला अजून कळत नाही. एवढा हुशार, आणि कळत नाही म्हणतो! तुला कधी म्हणता आलं का ते?

आता ऐक. फोन मी ठेवलाय. सोबतीला सांगितलंय, आजपासून माझ्या बाबतीत महेशला विचारायचं नाही. बातमी कसलीही असो, आधी मला.

आणखी एक सांगून ठेवलंय. माझं काही बरंवाईट झालं, तर तुला त्याच मिनिटाला कळवायचं. मीटिंग असो, झोप असो, तू नको म्हणालास तरी. तुला निघायचं असेल, तर वेळेवर निघता आलं पाहिजे.

राग अजून आहे. जाईल तेव्हा मीच फोन करीन.
बाबा