ताईच्या घरावरची रेघ

४ मार्च

जिंकलो! वेगवान रेल्वेची रेघ आता ताईच्या घरावरून जाणार नाही. जनसुनावणीत पाऊण तास बोललो. सभागृह आधी चिडीचूप, मग टाळ्याच टाळ्या. अध्यक्षांनी भर सभेत कबूल केलं – मार्ग सरकवू. बाहेर लोक माझं वाक्य एकमेकांना म्हणून दाखवत होते : ‘ज्या भिंतीवर आमची उंची मोजली, तिची किंमत चौरस फुटात सांगू नका.’

ती भिंत ताईकडचीच. आई गेल्यावर ताईने मला तिथेच वाढवलं, सासूची बोलणी खात. आता सासू नाही, भावोजी नाहीत. ती एकटीच असते. मी रोज संध्याकाळी जेवायला जातो.

ती पहिल्या रांगेत होती. टाळ्या वाजवताना काही दिसली नाही. परतताना एवढंच म्हणाली, “घसा बसलाय तुझा. गरम पाणी पी.”

६ मार्च

मी रेल्वेविरोधी झालो म्हणे! राज्याच्या दोन टोकांची शहरं जोडा, मधल्या गावांनी किती दिवस नुसती धूळ खायची – हे इतकी वर्षं कोण ओरडत होतं? गाडी हवीच. फक्त ताईच्या घरावरून नको. यात विसंगती कुठे आहे?

लिहून पाहिल्यावर दिसते थोडी.

९ मार्च

नवा नकाशा पाहायला रेल्वेच्या कचेरीत गेलो. रेघ नदीपलीकडे गेली आहे. थेट तिथल्या शाळेवरून.

“बाई, मी दोनशे मीटर सरकवा म्हणालो होतो,” मी म्हटलं.

इंजिनिअर बाईंनी चष्मा वर केला. “साहेब, एवढ्या वेगाला वळण फार पसरट लागतं. इथे जरा सरकवलं की मागेपुढे कित्येक किलोमीटर सगळंच सरकतं. सायकल आहे का ती, भिंत आली की हँडल फिरवलं?”

“मग खालून न्या. बोगद्यातून.”

“खाली नुसता गाळ आहे.”

“आणि शाळा?”

“पाडावी लागेल. तुमच्या गल्लीत चारच घरं जात होती. तिघांची संमती आली होती. एकच अडलं होतं.”

कोणतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

 

१० मार्च

प्रश्न नीट मांडला की निम्मं उत्तर मिळतं, असं मी व्याख्यानांतून सांगत आलो. आज सकाळपासून मांडतोय. मांडला जात नाही.

१३ मार्च

पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. मला वाटलं, भांडतील. तयारीत होतो. त्या म्हणाल्या, “तुमचं भाषण मी मागे उभी राहून ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं हो. आता आमच्या सुनावणीतही तेच करा. फार बदलावं लागणार नाही. घर म्हटलंय तिथे शाळा म्हणा.”

त्या गेल्यावर बदलून पाहिलं. एकही वाक्य अडलं नाही. उलट जास्त चांगलं झालं!

म्हणजे त्या दिवशी मी बोललो ते खरं होतं, की नुसतंच चांगलं?

१५ मार्च

जेवताना ताईला सांगितलं. “पलीकडच्या सुनावणीत बोलायला बोलावलंय.”

“मग बोल की. तुला कोणी थांबवलंय कधी?”

टोमणा की परवानगी? कळेना.

“अगं, मी बोललो तर रेघ परत तुझ्या घरावर येईल.”

ती ताटं उचलून आत गेली. बराच वेळ नळाचा आवाज. रडत असेल, असं वाटून हळूच डोकावलो. गुणगुणत होती.

बायकांचं – नाही, हे वाक्य नको. मला ताईचं काही कळत नाही, एवढंच खरं.

१७ मार्च

दोन भाषणं तयार. दोन्ही उत्तम. दोन्ही माझीच.

१८ मार्च

पलीकडची सुनावणी. नाव पुकारलं, उठलो. डावीकडे मुख्याध्यापिका. उजवीकडे ताई – न सांगता आलेली. तोंड उघडलं आणि आवाज आला तो एवढाच : “मला अजून समजलेलं नाही.” खाली बसलो.

मागून कोणीतरी म्हणालं, “आज यांची वीज गेली वाटतं.” लोक हसले. मलाही हसू आलं. कशाचं, ते सांगता येणार नाही.

१९ मार्च

ताई आज एकटीच कचेरीत जाऊन घर द्यायची संमती देऊन आली. रेघ परत गल्लीतून जाणार.

“शाळेसाठी दिलंस?” मी विचारलं.

“शाळा वाचली, बरंच झालं. पण हे घर आधी सासूबाईंचं होतं, मग ह्यांचं, आता तुझ्या भाषणातलं. मला इथून कधीचं निघायचंय. तू विचारलंस कधी?”